घराचं नाक

आमच्या घरात एक क्रियापद होतं, जे बाहेर कुठे ऐकायला मिळायचं नाही: नाक लावणं. कालचं दूध, परवाची भाजी, उघडं राहिलेलं लोणी, कशाचीही शंका आली की ते वाटीत घालून हिच्यापुढे, म्हणजे माझ्या बायकोपुढे, धरायचं. ती वाटी ही जरा तिरपी करायची, डोळे मिटायची, एकदाच श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची. "खा." किंवा "टाका." त्यावर अपील नव्हतं. समोरच्या घरातली शिंपीण तर दुधाची पातेली घेऊन थेट आमच्या दारात यायची, "वहिनी, जरा नाक लावता का?" म्हणत.

माझा धंदा फ्रीज दुरुस्तीचा. उभा जन्म मी लोकांचं अन्न थंड ठेवण्यात घालवला, पण माझ्याच घरात माझ्या थर्मामीटरला कुत्रं विचारत नव्हतं. मी म्हणायचो, अगं, फ्रीज किती थंड आहे ते बघ, किती वेळ बाहेर राहिलं ते बघ. ही म्हणायची, "तुमचं यंत्र बिघडतं, माझं नाही." मुलगी लहानपणी शाळेत सांगून आली होती की आमच्या घरी आईचं नाक आहे आणि बाबांचा फ्रीज आहे, पण आईचं नाक जास्त चालतं. शिक्षिकेने ते मला भर रस्त्यात थांबवून ऐकवलं.

त्या नाकाने मलाही सोडलं नव्हतं. संध्याकाळी मी दारात उभा राहिलो की ही माझ्या कॉलरपाशी यायची आणि सांगायची, आज फुलवाल्याकडे होतात. आज मासळीवाल्याकडे. एकदा म्हणाली, "आज काम नव्हतं, बागेत बसून शेंगदाणे खाल्लेत." मी कपाळाला हात लावला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याच्या इतकं जवळ यायला काहीतरी निमित्त लागतं. आमचं निमित्त हे होतं.

मागच्या थंडीत हिला ताप आला, सर्दीने बेजार झाली, मग बरी झाली. आणि दारातलं ते वास घेणं थांबलं. आधी वाटलं, वय झालं. मग वाटलं, मुलीच्या काळजीत हिला नवरा दिसेनासा झालाय. मी रुसलो. पण रुसलोय हे सांगायचीही सोय नव्हती. या वयात कुठल्या तोंडाने सांगणार, की बाई, माझा वास घे म्हणून?

मुलीची काळजी मात्र खरीच होती. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. माझी जुळली नाही. हिची तपासायला गेलो तर हिला साखर निघाली आणि डॉक्टरांनी हिला तिथूनच परत पाठवलं. शेवटी विहीणबाईंची जुळली. त्यांनी जराही का-कू न करता दिली. आमची ही त्यांचे दोन्ही हात धरून रडली, अगदी मनापासून रडली. आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सासूने किडनी दिली. आईने काय दिलं?"

मी म्हटलं, "जन्म दिलास की."

"तो सगळ्याच देतात," ती म्हणाली.

त्यानंतर वर्ष उलटलं तरी मुलगी माहेरी आली नव्हती. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून तिला औषधं असतात, आणि ती औषधं शरीराची राखण झोपवून ठेवतात. तुम्हा-आम्हाला जे खाऊन पोटात नुसतं गुडगुडेल, त्याने ती दवाखान्यात जायची. प्रवास नाही, गर्दी नाही, परक्या घरचं पाणीसुद्धा नाही. आम्ही एकदा तिला बघून आलो. ती तोंडाला मास्क लावून खोलीच्या त्या टोकाला बसली आणि आम्ही या टोकाला. जेवलो विहीणबाईंच्या हातचं. उत्तम होतं, काही नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हिला नेमकं तेच गिळवत नव्हतं.

मग परवा-परवा तिचा फोन आला. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती. जावयाला रजा नव्हती, ती एकटीच बसने येणार होती. "आई, मला तुझा कोंबडीचा भात खायचाय," ती म्हणाली. "वर्षभर स्वप्नात खातेय. तो खालून जरासा लागलेला, कांद्याचा." फोन ठेवल्यावर ही ओट्याशी नुसतीच उभी राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "आता मला काहीतरी देता येईल." पण चेहरा आनंदाचा नव्हता. भ्यालेल्या माणसाचा होता. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला दोन दिवसांनी, आणि तोही माझ्या धंद्यातून. एका मटणवाल्याने दुकान बंद करून गावाला जाताना बटण चुकीचं दाबलं होतं. परत येऊन फ्रीझर उघडला तो माझ्यासमोर. पुढचं वर्णन करत नाही, लोकांना जेवायचं असतं. तो फ्रीझर मी रिकामा केला, धुतला, दुरुस्त केला. परत येताना बसमध्ये मी बसलो तसं माझ्या आजूबाजूचं जग उठून उभं राहिलं. कंडक्टरने लांबूनच तिकीट दिलं. जिन्यात शिंपीण भेटली, ती तोंडाला पदर लावून उलट्या पावली वर गेली.

हिने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलात? हातपाय धुवा, चहा टाकते."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. म्हटलं, "मी कुठून आलोय, सांग."

"कामावरून," ती म्हणाली.

"कुठल्या कामावरून?"

ती माझ्या जवळ आली. कॉलरपाशी नाक आणलं, डोळे मिटले, श्वास घेतला. मी मटणाच्या त्या सगळ्या घाणीसकट उभा होतो. तिने डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, वर्गात उत्तर न आलेलं पोर बघतं तशी. मग तिथेच चपलांच्या फळीवर बसली.

"तापानंतर गेलाय," ती म्हणाली. "काहीच येत नाही. साबणाचा नाही, कांद्याचा नाही. दूध करपलं तरी धूर दिसल्यावरच कळतं."

"आणि एवढे महिने तू लोकांच्या वाट्यांना नाक लावतेस?"

"सगळ्यांना टाका म्हणून सांगते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिंपीण कुरकुरत होती ते याचसाठी, की हल्ली वहिनींना कुठलंच दूध पसंत पडत नाही. मला हसू आवरेना. हिलाही क्षणभर आलं, पण ते मध्येच फिरलं आणि ती रडायला लागली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझ्या अंगाला तो वास होता. आणि मग लक्षात आलं की तिला तर तो येतच नाहीये. तसाच तिच्याशेजारी फळीवर बसलो.

"तिला सांगू नका," ती म्हणाली. "माझं नाक गेलंय कळलं तर ती माझ्या हातचं खाणार नाही. डबा घेऊन येईल. विहीणबाईंनी भरून दिलेला." मग म्हणाली, "तुमचाही वास येत नाही. शेजारी कोण झोपलंय ते कळत नाही मला." इतके महिने मी कशावर रुसलो होतो ते माझं मला कळलं.

मी डॉक्टरकडे चल म्हटलं. ती आधीच जाऊन आली होती, मला न सांगता. वास परत येईल किंवा येणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. इतकं तर मीही सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशीपासून मी स्वयंपाकघर हातात घेतलं. म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. पहिला धक्का मलाच बसला. आमच्याच फ्रीजच्या दाराचं रबर एका बाजूने सैल पडलं होतं आणि आत नको इतकं कोमट होतं. गावभर लोकांना उपदेश करत हिंडतो आणि घरात ही तऱ्हा. हिने नुसतं नाक उडवलं. मी रबर बदललं. कच्चं मांस सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, म्हणजे त्याचं पाणी वरून कशावर गळायला नको. त्याच्यासाठी कापायची फळी वेगळी, सुरी वेगळी. कोंबडी नळाखाली धुवायची नाही, कारण शिंतोडे ओटाभर उडतात आणि तिच्या अंगावरचं जे काही असेल ते शेजारच्या कोथिंबिरीवर जाऊन बसतं. शिजवलं म्हणजे ते मरतं, धुतल्याने नुसतं घर बदलतं.

"न धुता?" ही म्हणाली. "माझ्या आईने ऐकलं असतं तर तुम्हाला घरात घेतलं नसतं."

खरी लढाई फडक्यावरून झाली. हिच्या खांद्यावर कायम एक फडकं असतं. त्यानेच हात पुसायचे, ओटा पुसायचा, सुरी पुसायची, गरम पातेलं उतरवायचं आणि वेळ पडली तर डोळेही टिपायचे. मी म्हटलं, हे फडकं म्हणजे घाणीची बस आहे, प्रत्येक थांब्यावर चार चढतात, चार उतरतात. तिने ते खांद्यावरून काढलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. दिवसभर ती बोलली नाही. चुकून सारखा खांद्याकडे हात जायचा आणि रिकामाच परत यायचा. मला वाईट वाटलं, पण मी फडकं परत दिलं नाही.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती सहज बोलली, तिला काय माहीत. "आई, एक सांगू का? तू वासावर जाऊ नकोस हं. आमचे डॉक्टर म्हणतात, जे खरं बाधतं त्याला वास असतोच असं नाही. भात तर नुसता बाहेर राहिला तरी पुरे. वास छान असतो, आणि मग कितीही गरम केला तरी आतलं विष जात नाही."

"बरं," ही म्हणाली. "तुझे बाबाही तेच सांगतात." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "म्हणजे इतकी वर्षं मी केलं काय? सगळ्यांनी माझ्या नाकावर विश्वास ठेवला आणि ते नाक काही कामाचंच नव्हतं?"

"ज्याला वास होता त्याच्यापासून तू वाचवलंस," मी म्हटलं.

"आणि ज्याला नव्हता?"

"त्याच्यापासून नशिबाने."

तिने थर्मामीटर उचलला. नवा होता, स्वयंपाकासाठी मुद्दाम आणलेला. सुई उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "दाखवा, कुठे खुपसायचं."

मुलगी यायच्या दिवशी ही सकाळपासून पदर खोचून उभी होती. हात साबणाने धुवून धुवून लाल झाले होते. कोंबडीच्या जाड तुकड्यात सुई खुपसून आकडा मला ओरडून सांगत होती, दवाखान्यातल्या नर्ससारखी. कांदा परतताना मात्र दर मिनिटाला विचारत होती, "रंग आला? वास सुटला? अहो, सुटला का वास?" मी सांगत होतो, सुटला, आता थांब, आता घाल. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या बाईने स्वयंपाकात माझं ऐकलं. भात झाला. झाकण ठेवलं. बसस्टँड पाच-सात मिनिटांवर. आम्ही जायचं, तिला घेऊन यायचं आणि वाफ असतानाच वाढायचं, असा हिचा बेत होता.

बस आली नाही. वाटेत कुठेतरी बंद पडली होती. मुलीचा फोन आला, दुसरी गाडी मागवलीय, आता निघू. मग पुन्हा फोन, आता निघतोच आहोत. आम्ही बाकावर बसलो. खिडकीतला माणूस प्रत्येक वेळी म्हणायचा, "येईलच आता." त्या 'आता'ने दुपार खाल्ली. मध्येच ही म्हणाली, "भात." मी म्हटलं, "झाकलेला आहे, काय होतंय त्याला?" असं मी बोललो. माणूस फ्रीज दुरुस्त करतो, आणि असं बोलतो. पण माझे डोळे रस्त्याकडे लागलेले होते. ही उठून घरी गेली नाही, कारण गेली आणि तेवढ्यात बस आली तर?

उन्हं उतरली तेव्हा ती आली. बारीक झाली होती, केस कापले होते, तोंडाला मास्क. हिने तिला बसच्या पायरीवरच धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. मी पिशवी उचलली. पिशवीत डबा होता का, ते मी हाताने चाचपून बघितलं. नव्हता. ती उपाशी आली होती.

मी कुलूप काढलं, दार उघडलं आणि आम्ही दोघंही थबकलो, मी आणि मुलगी. तो वास घरभर भरला होता. मुलीने मास्क खाली ओढला. "आई," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आई गं, हाच."

ही सरळ ओट्याशी गेली. हात धुतले. झाकण काढलं, पातेल्याला बाहेरून हात लावला, मग थर्मामीटर खुपसला. आकडा माणसाच्या अंगाइतकी उष्णता दाखवत होता.

"वाढ ना," मुलगी म्हणाली. तिने हात धुवून ताट घेतलंसुद्धा होतं.

"दुपारपासून बाहेर आहे," ही म्हणाली.

"कडकडीत गरम करू," मी म्हटलं. खरं सांगतो, मी असंच म्हटलं. पोटात भूक होती, समोर मुलगी होती, आणि तो वास.

"गरम करून आतलं जात नाही. पोरीनेच सांगितलंय," ही म्हणाली.

"आई, एक घास," मुलगी म्हणाली. "एका घासाने काय होणार आहे? मी वर्षभर सगळं पाळलंय. एकही दिवस चुकले नाही. जरा बघ तरी कसला वास येतोय. खराब झालेल्याला असा वास येतो का? तू नाक लाव ना. तू म्हणशील तसं."

मी हिच्याकडे बघितलं. 'खा' म्हटलं असतं तर मुलीने खाल्लं असतं, 'टाका' म्हटलं असतं तर निमूट टाकलं असतं, आणि नाकाची अब्रू दोन्हीकडून राहिली असती.

"मला वास येत नाही," ही म्हणाली. "थंडीत ताप आला होता, तेव्हापासून. तुझ्या बाबांना येतोय, तुला येतोय, म्हणून तुमच्या तोंडाला पाणी सुटलंय. मला नुसतं दुपारपासून कोमट पडलेलं पातेलं दिसतंय."

ताट मुलीच्या हातात तसंच राहिलं. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

हिने ओट्याखालचा कचऱ्याचा डबा ओढला, त्यात नवी पिशवी लावली. दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि थांबली. मग ते पुन्हा ओट्यावर ठेवलं, मुलीच्या बाजूला.

"टाकायच्या आधी मला सांग," ती म्हणाली. "कसा आलाय?"

मुलगी पुढे झाली. पातेल्यावर वाकली, डोळे मिटले. खूप वेळ वाकून राहिली.

"कांदा," ती म्हणाली. "गोडसर. आणि मिरं. आणि पावसाळ्यात आपण दारं लावून जेवायचो ना, तसं काहीतरी."

"खालून लागलाय?"

"जरासा."

"जरासाच ना? करपट नाही?"

"नाही, आई. जरासाच. पहिल्यासारखा."

"मग जमला," ही म्हणाली, आणि पातेलं पिशवीत उपडं केलं.